कोथरूडातून वन्स मोअर

गुरु., ८ जाने.
सकाळी आभाचा फोन. जर्मनीत उणे चार म्हणाली. तिच्या गावच्या ऑपेरा हाउसातला १८ तारखेचा, रविवारचा दुपारचा खेळ ठिकठिकाणच्या थिएटरांत थेट दाखवणार आहेत. पुण्यातसुद्धा. आपल्या कोथरूडात!
"बाबा, मी त्या खेळाला बसणार आहे. तुम्ही दोघं तिकडे बसा. एकाच वेळी एकच गाणं ऐकू." मग जरा थांबून, "आई येईल?"
सौ. समोरच मेथी निवडत होती. मानेनंच नाही. लेकीनं तिकडचं नागरिकत्व घेतलं त्याला सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून ही फोनवर येत नाही. भाजी निवडते, पण जागची हलत नाही. ऐकते सगळं.
थेट म्हणजे किती थेट असेल? आभा तिकडे शिंकली तर इकडे ऐकू येईल?

शनि., १० जाने.
फिरताना नानांना सांगितलं. (दातार, खालच्या मजल्यावरचे.) म्हणाले, "मराठी नाटकाच्या खुर्च्या तुमच्या पाठीला टोचतात. जर्मन बाईचं रडणं टोचणार नाही वाटतं?" वर, "कळणार आहे का एक अक्षर तरी?"
घरी येईपर्यंत तेच डोक्यात. शाळेत बाई कविता आधी चालीवर म्हणून घ्यायच्या, अर्थ पुढच्या आठवड्यात. कितीतरी कवितांचा अर्थ मला पन्नाशीनंतर लागला, तोवर नुसत्या चालीवर निभावलं. खिडकीबाहेर चिंच, आत चाळीस पोरांचा एक सूर, आणि 'विरह' म्हणजे काय हे चाळिसांतल्या एकालाही… असो.
संध्याकाळी तिकिटं काढली. जुनं टॉकीज पाडून बांधलेलं थिएटर. खिडकीवरची मुलगी म्हणे, "अंकल, ऑपेरा आहे, शुअर ना? थ्री अवर्स आहे."
म्हटलं, "बँकेत चौतीस वर्षं बसलोय."
सौ.चं तिकीट तिच्या चष्म्याच्या घरात ठेवलं.

रवि., ११ जाने.
तिकीट परत आलेलं नाही. चष्मा मात्र दिवसभर डोळ्यांवर.

बुध., १४ जाने. संक्रांत.
तिळाच्या वड्या. दरवर्षी पहिला डबा आभाचा भरायचा असतो, यंदाही भरला. विचारलं, "पाठवायचाय का?"
"कुणाला?"
डबा फ्रिजवर.
ही नाटकातली पदं किती छान म्हणायची. लग्नाआधी हौशी नाटकात एकाच पदाला तीन वन्स मोअर घेतले होते. मी चौथ्या रांगेत होतो, त्यातला एक माझा. पुढे रंगमंच म्हणजे ओटा. पाच वर्षांची आभा पाटावर उभी राहून वन्स मोअर द्यायची. 'वन्स' दम संपेपर्यंत लांबवायची, मग उरलेल्या श्वासात एवढंसं 'मोअर'. की ही पुन्हा पहिल्यापासून. तव्यावरची पोळी काळी.
सव्वा वर्षात ओट्याशी साधं गुणगुणणंही नाही. मी विचारत नाही. विचारायला हवं होतं का?

शुक्र., १६ जाने.
आभाचा मेसेज: 'पहिली बाल्कनी, डावीकडे. आईची आंबा रंगाची शाल घेणार आहे. मध्यंतरात प्रेक्षक दाखवतात, बघा.' भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं वाचला.
सौ. (भिंतीलाच): "तिकडच्या थंडीत ती शाल काय पुरणार?"

सोम., १९ जाने. (कालचं लिहितोय)
सौ. आली! साडेपाचलाच तयार. जरीकाठी साडी, वर माझा स्वेटर, पिशवीत डबा. विचारलं नाही, न जाणो…
दारावर गार्डनं पिशवी उघडली. "आजी, बाहेरचं खायला अलाउड नाही."
"खायला नाहीये, संक्रांतीचं आहे."
तो गडबडला. त्याच्या हातावर एक वडी ठेवून ही आत गेलीसुद्धा.
आम्ही धरून चौदा माणसं. बरोबर साडेसहाला पडद्यावर ते सभागृह उजळलं. लाल खुर्च्या, खोकणारी, कोट सावरणारी माणसं. तिकडे भर दुपार. आभा आत्ता तिथे बसली आहे, या क्षणी. शाळेत नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजायचो, ते आठवलं.
बाई गायला लागली. खाली इंग्रजी ओळी येत होत्या, थोड्या वाचल्या नि सोडून दिल्या. समुद्राकाठचं घर, कुणीतरी निघून गेलेलं, एवढं पुरलं. आवाज फार मोठा, म्हणून कानातलं यंत्र बारीक केलं. (चूक.)
मध्यंतरात पडद्यावर प्रेक्षक. कॅमेरा डाव्या बाल्कनीवरून गेला, मी उभाच राहिलो. मागून, "काका, बसा ना!" आंब्याचा रंग दिसला नाही. की दिसला? तिकडचा उजेडच पिवळा. सौ. पापणीसुद्धा न लववता बघत होती.
दुसऱ्या अंकात ती बाई एकटीच, खिडकीशी. शेवटचा सूर असा धरला की मी माझा श्वास सोडायचा विसरलो. संपलं. टाळ्यांचा पाऊस. आणि त्यात, शेजारून, खणखणीत,
"वन्स मोअर!"
बाराच्या बारा माना वळल्या. सौ. ताठ बसलेली. मग माझं मनगट घट्ट धरून, "ऐकलंत?"
"तुझं? सगळ्या कोथरूडानं ऐकलं."
"माझं नाही हो. तिचं. आधी तिनं दिला, मग मी."
पडद्यावरच्या बाईनं पुन्हा म्हटलं नाही. तिकडे तशी पद्धत नसावी. सौ.ला ते फार लागलं. रिक्षात म्हणाली, "एवढं गायली. कुणी दोनदा मागितलं, आणि म्हटलं नाही?"
दोनदा.

मंगळ., २० जाने.
नाना: "हॉलचा प्रतिध्वनी. आपलाच आवाज भिंतीला आपटून येतो. सायन्सला होतात ना?" मी आर्ट्सला होतो.
पण प्रतिध्वनी आधी कसा येईल? आणि मला तर सौ.चाच आवाज आधी ऐकू आला. बारीक केलेल्या यंत्रातून. म्हणजे माझी साक्ष ती काय.
आभाचा मेसेज: 'दिसले का मी?' मी लिहायला घेतलं, 'दिसली नाहीस, पण एक सांग, दुसऱ्या अंकात तू…'
सौ.नं खांद्यावरून वाचलं. "ते विचारू नका."
"का?"
"मी विचारीन."
पुसलं. 'गाणं सुंदर' एवढंच पाठवलं.

शुक्र., २३ जाने.
समजा आभानं दिलाच नसेल. लोकांत बसून असं ओरडायला ती काय पाच वर्षांची आहे? 'छे, मी कुठे' म्हणाली, तर ही पुन्हा मेथीकडे वळेल, आणि ह्या वेळी कायमची. आभाला आधीच सांगून ठेवावं का, हो म्हण म्हणून? दोनदा फोन हातात घेतला. दोनदा ठेवला. तसं मिळवलेलं 'हो' हिला पहिल्याच अक्षराला कळेल.

रवि., २५ जाने.
रविवारी आभाचा फोन पाचला येतो. सौ.नं तीनलाच फोन चार्जिंगला लावला. आज भाजी घेतली नाही, हात रिकामे. फ्रिजवरचा डबा टेबलावर आणून ठेवला, मग थोडा सरकवला.
पाच वाजून सहा मिनिटं. वाजला. मी सवयीनं हात पुढे केला, तर तिनं आधीच उचललेला. "हॅलो" म्हणाली, एवढंच, आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं.
यंत्र पूर्ण मोठं करून आत बसलोय, हे लिहितोय. खालची स्कूटर ऐकू येते, नानांच्या कुकरची शिट्टी येते. काचेतून हिची पाठ दिसते. बोलत नाहीये. आभाही बोलत नसावी.
सात मिनिटं झाली. फोन दोघींपैकी कुणीच ठेवलेला नाही.