हँडब्रेकचे दोन दात

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.
ह्यांना जाऊन तीन महिने झाले. आज ह्यांची गाडी बाहेर काढली. लायसन्स जुनं, धीर नवा. थोरल्या लेकीची अट: रविवारी चढावरच्या तिच्या घरी एकटीनं गाडी आणून दाखव, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे, तिथंच विकू. रविवारला चिक्कार वेळ आहे.
हँडब्रेक सहा दात, म्हणजे सहा खटके, ओढलेला होता. ह्यांनीच, शेवटची गाडी लावताना. चार सोडले, दोन राहू दिले. सावधगिरी म्हणून.

मंगळवार, ५ मार्च.
बाजारात जाऊन आले. समोर एक लाल दिवा सतत असतो. गाडी जागी असल्याची खूण असावी. घरी येऊन मागच्या चाकाला हात लावला, चटका बसला.
ह्यांच्या कपाटातलं विज्ञानाचं पुस्तक काढलं. ब्रेक दाबला की गाडीच्या गतीतली ऊर्जा नाहीशी होत नाही, घर्षणानं तिची उष्णता होते. वेग दुप्पट तर उष्णता चौपट. म्हणजे मी ऐंशीच्या खाली नव्हते. काटा तीस दाखवत होता. काटा बिघडलाय.

गुरुवार, ७ मार्च.
शेजारीण म्हणाली, वहिनी, काल तुम्हाला सायकलवाला मागे टाकून गेला. म्हटलं, त्याच्या चाकाला हात लावून बघ, गार असेल. ती पिशवी उचलून घरात गेली. विज्ञानापुढे लोकांचं काही चालत नाही.
उद्यापासून वेग आवरायचा.

शनिवार, ९ मार्च.
मागून धूर. गॅरेजवाल्याला बोलावलं. म्हणे, काकू, ब्रेक थांबताना तापतात, तुमचे चालतानाच तापतायत. हँडब्रेक ओढून हिंडताय, ब्रेकचे लायनर जळाले. मी पुस्तक पुढे केलं. त्यानं न बघता नवे लायनर बसवले आणि उरलेले दोन दातही सोडले. मला न विचारता. खट, एवढाच आवाज.
त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

रविवार, १० मार्च.
बारा मिनिटांत थोरलीकडे. चाक जेमतेम कोमट. ऐटीत उतरले, बेल वाजवली, वळून बघते तर गाडी उतारानं परत निघालेली. आठवडाभर ते दोन दात तिला धरून होते. गाडी लावून हँडब्रेक ओढायचं काम ह्यांचं असायचं.
समोरच्या भिंतीनं थांबवली. या खेपेला ऊर्जा बंपरात गेली. थोरलीनं बोलावून ठेवलेल्या गिऱ्हाईकानं बंपर पाहिला आणि चप्पल घातली. थोरली म्हणाली, आई, आता ही फुकटसुद्धा कुणी नेणार नाही.
गाडी राहिली. ठरवलं होतं तसंच.
परत आत बसले. हँडब्रेक ओढला. सहा दात, मोजून. मीच.