मॉड लॅम्बर्टची वही

रविवार, १५ सप्टेंबर २०२४

आले एकदाची श्रूजबरीला! आईच्या ओळखीच्या विनीताकाकूंनी बेसमेंटमधली खोली दिलीय, आल्या आल्या गरम साबुदाण्याची खिचडी. सावनीबाई, चंगळ आहे तुमची! उद्यापासून फिल्म अर्काइव्ह. मूकपटांच्या काळात मॉड लॅम्बर्ट नावाची बाई एका स्टुडिओत अकरा वर्षं फिल्म कापायची-जोडायची. तिच्यावर माझी पीएचडी. शुक्रवारी कमिटीपुढे प्रेझेंटेशन. पटलं तर ठीक, नाहीतर विषय बदला, म्हणजे तीन वर्षं पाण्यात.

सोमवार, १६ सप्टेंबर

कपाळ माझं! शेकडो फिल्म्स केल्या बाईनं आणि नाव स्टुडिओच्या एकाही कागदावर नाही. हीरोच्या कुत्र्याचं नाव आहे, हिचं नाही! तिच्या भाचीच्या एका पत्रात काय तो उल्लेख. हाती लागली ती फक्त कामाची वही: ओळीनं सीन, आणि कापायचा असेल त्यावर लाल काट. वहीवरही नाव नाही.

वैतागून त्या वहीच्याच मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं माझा आठवडा मांडला. मंगळवारी आईला फोन, बुधवारी माझ्या गाईड प्रोफेसर नीनांची भेट, गुरुवारी स्लाइड्स, शुक्रवारी कमिटी. रफ काम मागच्या पानावर, ही शाळेपासूनची खोड. वही अर्काइव्हची आहे हे घरी आल्यावर आठवलं.

बुधवार, १८ सप्टेंबर

आई रुसलीय. काल फोन का केला नाहीस म्हणते. अगं, चाळीस मिनिटं बोललो की आपण! पण माझ्या फोनमध्येही कॉल दिसत नाही. संध्याकाळी प्रोफेसर नीनांची ईमेल: आज भेटायला का आली नाहीस? तासभर समोर बसवून झापलं होतं मला यार! सगळ्यांना झालंय तरी काय?

गुरुवार, १९ सप्टेंबर

दिवसभर केलेल्या स्लाइड्स लॅपटॉपवर नाहीत. धावत अर्काइव्हमध्ये जाऊन मॉडची वही उघडली. मंगळवारवर लाल काट. बुधवारवर लाल काट. गुरुवारवर — शाई ओली आहे.

खोडून बघितलं. पेन्सिल निघत नाही. पान फाटत नाही.

आधीच्या, सोमवारी बघायचं राहून गेलेल्या पानावर एकच ओळ, तिच्याच अक्षरात: मॉड लॅम्बर्ट. त्यावरही काट. तीन वर्षं शोधत होते ते नाव सापडलं, आणि मला नुसती भीती वाटतेय.

शुक्रवार, २० सप्टेंबर, सकाळी ९.४०

काकूंना सगळं सांगितलं. वेडाबाई आहेस म्हणाल्या, पण सोबत आल्या. कमिटीच्या दाराबाहेर बसलोय, माझा डावा हात त्यांनी घट्ट धरलाय. मॉडची वही अर्काइव्हमधून लपवून आणलीय; शुक्रवारवर अजून काट नाही. ते नाव दाखवलं की कमिटी मानेल. मानायलाच हवं. तोवर लिहीत राहायचं, म्हणजे —

दार उघडलं. प्रोफेसर नीना. काकूंना विचारतायत, कुणाची वाट बघताय?

काकू म्हणाल्या, कोण जाणे बाई, इथं कशाला आले तेच आठवेना.

मी ओरडतेय. हात अजून त्यांच्याच हातात — काकू, अहो इकडे बघा, मी साव