बटणावरचं झाकण

प्रिय धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर बोलताना मुलगा किंवा सून जवळपास असतेच, म्हणून कागद पुढे ओढला.

इथे मुलाकडे बाहेर अंग भाजून निघतं आणि घरात मी दोन स्वेटर, पायमोजे घालून, कानाला रुमाल बांधून बसते. तू पोट धरून हसशील. खिडक्या उघडतच नाहीत. एसीचा गारवा कमीजास्त करायचं बटण भिंतीवर आहे, ते सुनेच्या अखत्यारीत. आपल्या आईने आपल्याला वारा लागू दिला नाही, आणि माझी चार महिन्यांची नात या गारठ्यात उघड्या हातापायांनी झोपते. तिचे गार तळवे हाताला लागले की जीव तुटायचा. पण मी तोंडाला कुलूप घातलं होतं.

मागच्या मंगळवारी दोघं कामावर गेली आणि मी ते बटण बंद केलं. नातीला टोपडं घातलं, दुपट्यात घट्ट बांधलं, वर माझी शाल. हळूहळू खोलीत ऊब आली. खरं सांगते, दोन महिन्यांत पहिल्यांदा माझं अंग सैल झालं आणि खुर्चीतच डोळा लागला. जागी झाले तर पोर लालबुंद, घामाने चिंब, रडायचंही त्राण नाही. तशीच मुलाला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. आता ती छान हसते-खेळते.

मला कोणी एक शब्द बोललं नाही. सुनेने उलट मलाच पाणी दिलं, मुलाने जाड लोकरी शाल आणली. पण दुसऱ्या दिवशी बटणावर किल्लीचं झाकण बसलं, आणि आता नातीला सांभाळायला सकाळपासून एक बाई येते. मी हात पुढे केले की ती हसून पोर माझ्या मांडीवर देते आणि तिथेच उभी राहते. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, मीही हेच केलं असतं. मुलगा रागावला असता तर रडून मोकळी तरी झाले असते.

म्हणून एक काम कर. तुला आयुष्यात कधी साधं पडसं झालं नाही हे ठाऊक आहे, तरी रविवारी त्याला फोन कर. गुडघे धरलेत, उठवत नाही, थोरलीला परत पाठव, असं सांग. थोडं कण्हायला विसरू नकोस. तो किती लवकर हो म्हणाला, ते मात्र मला कधी सांगू नकोस.

तुझीच,
थोरली