विमानात बसलाय

३ नोव्हेंबर
काल मृतांचा दिवस. आय आणि लविना पापांच्या कबरीवर मेणबत्त्या लावून आल्या. मी कबरस्तानाच्या गेटबाहेर स्कूटरवर बसून राहिलो. लविना बोलली. "ऑगस्टमध्ये आलास कॅनडाहून. अजून एकदाही आत गेलेला नाहीस."
बहीण धाकटी, पण बरोबर बोलते.
झोप नाही. ऑफिसने जानेवारीअखेरपर्यंत बिनपगारी रजा दिलीय. मग काय ते बघू.

७ नोव्हें.
ठाण्याच्या काउन्सेलरकडे शेवटचा गेलो. चांगला माणूस आहे. म्हणाला, "वडिलांचं तेरावं वगैरे नीट पार पडलं ना?" मी हो म्हणालो. नाव नेल्सन सांगितलेलं आहे त्याला. बाहेर आल्यावर हसू आलं, पण टिकलं नाही.
कॅनडातली व्हिडिओवरची काउन्सेलर बाई पण चांगली होती. म्हणायची, तुझं आयुष्य तुझं, घरच्यांच्या अपेक्षांचं ओझं उतरव. मला ओझं वाटतच नव्हतं. एप्रिलमध्ये पापा गेले तेव्हा मी इथे असायला हवा होतो, एवढंच. ते इंग्लिशमध्ये सांगायला गेलो की मीटिंगमध्ये रिपोर्ट दिल्यासारखं व्हायचं.
दोघांनाही शेवटी सांगितलं, आता बरं वाटतंय.

१४ नोव्हें.
लविनाने डोंबिवलीच्या काउन्सेलर पाटणकर मॅडम शोधल्या. दातांच्या दवाखान्यावर खोली. खालच्या मशीनचा आवाज वर येतो. पन्नाशीच्या असतील.
म्हणाल्या, "तुमच्यात माणूस गेल्यावर काय काय करतात, मला माहीत नाही. सांगाल?"
सांगत बसलो. चर्चची घंटा, मग अख्खा गाव घरात. चूल पेटवायची नाही, शेजारचे जेवण आणतात. रात्रभर रोझरीची प्रार्थना. खांद्यावर घेऊन चर्च. मग प्रत्येकाने मूठ-मूठ माती.
"तुम्ही कुठे होतात?"
कॅनडात, किचनमध्ये. लविनाने इथून व्हिडिओ कॉल लावून फोन धरलेला. मग कोणाचा तरी खांदा मध्ये आला. माती टाकायच्या वेळी नेटवर्क गेलं. मी ऑफिसचा शर्ट घालून उभा. नंतर मीटिंग होती.
"केलीत मीटिंग?"
केली.
मॅडमनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. घरी येऊन जेवलो.

२८ नोव्हें.
मॅडम म्हणाल्या, घरी ज्या बोलीत बोलता तसंच बोला, मला अडलं की मी विचारेन. शाळेत याच बोलीवरून मार खाल्लाय. पहिले लाजलो. मग सुटलो.
सगळं सांगितलं. कॅनडातल्या कामाच्या परमिटचं रिन्यूअल ऑगस्टपर्यंत अडकलेलं. निघालो असतो तर परत आत घेतील याची गॅरंटी नाही. पापांचे डॉक्टर म्हणालेले, अजून थोडे आठवडे आहेत. पापा स्वतः फोनवर म्हणालेले, पेपर येऊ दे, मग ये. मी ते ऐकलं, कारण मला ते ऐकायचंच होतं.
"बरोबर का चूक, हे मी ठरवणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आई काय म्हणतात?"
विचारलं नाही कधी.
"एकदा आणाल त्यांना?"

२५ डिसेंबर
नाताळ. आयने मैद्याचे गोड फुगे तळले, यावेळी कमीच. पापांची खुर्ची कोणी हलवली नाही, कोणी बसलंही नाही. दुपारी सगळे झोपले. मी पण झोपल्यासारखं केलं.

९ जानेवारी
आय मॅडमकडे आली एकदाची. चर्चला नेसते ती साडी नेसून. पहिले मॅडमच्या मुलांची चौकशी. मग मॅडमनी विचारलं, शेवटच्या दिवसांत मिस्टर काही बोलायचे का?
आय खाली बघून बोलायला लागली. "तो सारका इचारायचा, नेल्सन कवा येल. मी सांगितला, विमानात बसलाय. सकालला पोचंल."
सकाळी परत विचारायचे. ही परत तेच सांगायची. पापांना दिवस-रात्रीचा पत्ता नव्हता, त्यामुळे चाललं. शेवटच्या दिवशी दाढी करून मागितली. मी येणार म्हणून.
मला कोणीच सांगितलं नव्हतं. लविनाला माहीत होतं.
आय म्हणाली, मरणाऱ्या माणसाशी ती खोटं बोलली. फादरला कन्फेशनमध्ये सांगायला तोंड उघडत नाही. चूक कबूल केल्याशिवाय कम्युनियनचा प्रसाद घ्यायचा नाही, म्हणून एप्रिलपासून तिने तो घेतलेला नाही. मी तिच्या बाजूला बसतो दर रविवारी. मला वाटायचं, गुडघे दुखतात म्हणून प्रसादाच्या रांगेला उठत नाही.
मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे. खालचं मशीन चालू झालं.
परतताना आय रिक्षात म्हणाली, बाई बरी हाय.

११ जाने.
रविवारची मिस्सा, चर्चमध्ये. सगळे प्रसादाच्या रांगेत गेले. आय बाकावरच. मी पण नाही गेलो. तिने एकदा बघितलं माझ्याकडे. झालं तेवढंच.
राग कोणावर आहे कळत नाही. तिच्यावर नाही. दाढी करून तयार बसलेले पापा डोळ्यासमोरून जात नाहीत. खूश होते का ते त्या दिवशी? हे चांगलं झालं का वाईट?

१६ जाने.
मॅडमना तेच विचारलं. म्हणाल्या, "आईंनी तेव्हा तुमची बाजू सांभाळली का वडिलांची, हे त्यांनाही माहीत नसेल."
काही सुटलं नाही. पण रडलो. पापा गेल्यापासून पहिल्यांदा. खाली कोणाचा तरी दात काढत होते, त्यामुळे आवाज गेला नसेल.

२३ जाने.
मॅनेजरचा मेल. सोमवारपर्यंत नक्की कळव, नाहीतर जागा भरतील.
लविना म्हणते, जा. आयचं मी बघते.
मॅडमना विचारलं, तिकडे गेलो तर फोनवर चालू ठेवता येईल का? म्हणाल्या, ते बघू, आधी आईशी बोला.

२५ जाने.
आय ओट्यावर बोंबील साफ करत होती. सांगितलं, सोमवारी कळवायचंय. जाऊ का?
"जा ना. काम हाय तुजा."
"आणि तू?"
हात थांबला नाही तिचा. "मना काय होतंय. उद्या मी पडलू तर लविना हाय." मग पाण्याखाली हात धरून, माझ्याकडे न बघता, "ती पन मना सांगंल, विमानात बसलाय. मी काय परत इचारनार नाय."
टोमणा नव्हता. खरंच समजूत घालत होती माझी.
मी बाजूला उभा राहून उरलेले बोंबील साफ केले. मेल उघडलाय. "डिअर" लिहून ठेवलंय, पुढे अजून काही लिहिलेलं नाही.