छकुलीला काही झालेलं नाही

दादा,
तू रात्रपाळीहून येशील तेव्हा मी बेकरीत असेन. छकुलीला उठवू नकोस.

आठवडाभर पोरगी जेवत का नव्हती, ते काल कपडे वाळत घालताना कळलं. छातीत एका बाजूला गाठ तिच्या हाताला लागली होती. म्हणाली, "आत्या, मलाही आईचाच आजार झालाय." माझ्या पायाखालची जमीनच सरकली. तशीच तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या तपासून हसल्या, "वयात येतेय. आधी एकाच बाजूला जाणवतं बऱ्याच मुलींना." जीव भांड्यात पडला! मग मी पाळीचंही सगळं नीट समजावलं तिला. रात्री पोटभर जेवली.

"बाबा रडतील" म्हणून गप्प होती. रडलास तरी चालेल, पण आज तिच्याशी वहिनीबद्दल बोल.

धाकटी