लाल तार, पिवळी तार

लातूर, रविवार, संध्याकाळ

गाडीत नवा टेप मी स्वतः बसवला, हे परवा भौतिकशास्त्राच्या वर्गात फुशारकीनं सांगायची काय गरज होती? गाणी वाजतात, पण चावी काढली की टेप सगळं विसरतो. घड्याळ पुन्हा बारावर.

शेवटी आज रशीदभाईंकडे गेलो. गाड्यांचं वायरिंग करण्यात त्यांची हयात गेली. टेप बाहेर ओढून त्यांनी तारा बघितल्या आणि हसले.

"सर, लाल तार थेट बॅटरीला दिली?"

"लाल म्हणजे धन," मी म्हणालो. इतकी वर्षं हेच तर शिकवतोय.

"हाव, पण टेपात पिवळी बॅटरीची, लाल चावीची. पिवळीवरच त्याची याददाश्त हाय."

दोन तारांची अदलाबदल केली, झालं. निघताना हळूच म्हणाले, "आमची शबाना तुमच्याच वर्गात हाय. तिला न्हाई सांगत."

घरी येईपर्यंत तीनदा गाडी थांबवून चावी काढून बघितली. घड्याळ बरोबर. उगाच हसू येत होतं.

उद्या फळ्यावर दोन्ही तारा काढतो. चूक कुणाची तेही सांगतो, आणि दुरुस्त कुणी केली तेही, नावानिशी. शबाना पहिल्याच बाकावर बसते.