चालू राउटरमधलं कार्ड

३ फेब्रुवारी, सोमवार

वाट लागली! सकाळपासून ओपीडीचे कॉम्प्युटर बंद-चालू, बंद-चालू. हॉस्पिटलच्या मोठ्या राउटरमध्ये शेजारी शेजारी कार्डं खोचलेली असतात, त्यातलं ओपीडीचं कार्ड मरायला टेकलंय. नवं कपाटात तयार! श्यामसुंदर सरांना म्हटलं, राउटर चालू ठेवूनच बदलता येतं, सर. आयटीत आम्ही दोघंच, त्यात ते साहेब. तर म्हणाले, "शेजारच्या कार्डावर आयसीयू आहे, गंधाली. राउटरचा डबाच बंद पडला तर सिस्टरांच्या टेबलावर एकाही पेशंटचा ठोका दिसणार नाही."

आणि राउटर बंद करून बदललं तर दिसणारे का? मनात म्हटलं. तोंडाने नाही.

४ फेब्रुवारी

सरांचं नाहीच. अख्खं मुलुंड ओपीडीत येऊन माझ्या नावाने ओरडतंय.

५ फेब्रुवारी

सरांना झालं काय! आल्या आल्या स्टोअरमधला जुना राउटर टेबलावर ठेवला, चालू केला. "काढून दाखव." काढलं, घातलं. परत. परत. मग मी जरा शेफारले — कार्ड बंद करायचं बटण दाबलं आणि त्यावरचा दिवा विझायच्या आधीच कार्ड ओढलं. डबा बंद!

"कळलं? दिवा विझल्याशिवाय हात लावायचा नाही."

वर साबुदाणा वडाही खिलवला.

६ फेब्रुवारी

झालं!!!

जेवण उरकून दोघं राउटरपाशी. वर आयसीयूत शीतल सिस्टर फोन धरून, बाकीच्या सिस्टर बेडजवळ उभ्या — न जाणो. मला वाटलं सर काढतील. अंगातली वीज कार्डाला लागू नये म्हणून मनगटाला पट्टा बांधतात, तो त्यांनी माझ्याच हाताला बांधला. आणि मागे सरकले.

बटण दाबलं. दिवा विझेचना! थांबले. विझला. स्क्रू सोडले, खिट्ट्या उघडल्या, ओढलं.

"दिसतायत गं! सगळ्यांचे ठोके दिसतायत!" — शीतल.

नवं सरकवलं. खट्! नारिंगी... नारिंगी... हिरवा! मी चक्क नाचले. सर म्हणतात, "स्क्रू कोण आवळणार?"

७ फेब्रुवारी

येत्या सोमवारी सरांची बायपास. आपल्याच हॉस्पिटलात, नंतर आपल्याच आयसीयूत. कोणाला बोलले नव्हते! मला रडूच फुटलं, तर म्हणाले, "रडतेस काय? म्हणून तर कार्ड तुझ्याकडून बदलून घेतलं. आता मी निवांत झोपतो."